धागा: मे महिन्याच्या सुट्टीत घरी चाळीस माणसं. प्यायला काय, किती आणि कसं?

सातवी_गल्ली
मंडळी, येत्या रविवारी कोल्हापुरात आमच्याकडं सगळं गोत गोळा होतंय. मोठी माणसं ३०, पोरंटोरं १०. दुपारी तांबडा-पांढरा आणि सुकं मटण, आठजण शाकाहारी. पाहुणे सकाळी दहापासून येतील, संध्याकाळी चहा घेऊन निघतील. दोघांना साखर आहे, एकाला बीपी. फ्रिज एकच, तोही जेवणाच्या सामानानं भरलेला असणार. बाटलीतली कोल्ड्रिंकं आणायची नाहीत हे ठरलंय. आल्या आल्या काय द्यावं, जेवताना काय, नंतर काय? कृपया मापानं सांगा. "अंदाजानं घाला" म्हटलं की चाळीस माणसांत अंदाज हमखास चुकतो.

पंचगंगाकाठ
आधी जेवण बघा, मग प्यायचं ठरवा. पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध, खसखस, काजू असं सगळं असतं. त्याच्यावर पेलाभर नारळाची सोलकढी दिली की माणूस दोन घास आधीच हात आखडतो. हॉटेलात ताटाबरोबर सोलकढी देतात ती वाटीभरच, हे लक्षात घ्या. म्हणून माझं मत असं: उन्हातून आल्यावर पन्हं, जेवताना मठ्ठा किंवा बिननारळाची कोकम कढी, संध्याकाळी चहा. एवढं भरपूर झालं. चौथं पेय वाढवलं की चौथं पातेलं, चौथं ओगराळं आणि आणखी चाळीस पेल्यांची विसळण वाढते, चव काही वाढत नाही.

पेला २०० मिलीचा धरा. पन्हं ४० पेले म्हणजे ८ लिटर. मठ्ठा ८ लिटर. कढी केलीत तर १५० मिलीच्या हिशेबानं ६ लिटर. चहा १०० मिलीनं ४ लिटर. आणि साधं पाणी विसरू नका. दहा ते सहा, मे महिना, तिखट जेवण: माणशी सव्वा लिटर धरलं तरी ५० लिटर होतं. २० लिटरचे तीन जार लागतील.

दाराशी आधी गूळ-पाणी ठेवा. दहा मिनिटं बसू द्या, मग पन्हं द्या. तहानेच्या भरात पन्हं गटागटा जातं, चव कुणाला कळत नाही आणि पातेलं मात्र लवकर तळाला लागतं.

मंडईवाली
पन्ह्याचं मी सांगते. १ किलो कैरी, १ किलो गूळ, सगळं मिळून ८ लिटर. हे माप पक्कं धरा.

कैरी रायवळ घ्या, कडक आणि आंबट. तोतापुरी दिसायला छान, पण पन्ह्याला आंबटपणा पुरत नाही. कपिलतीर्थ मंडईत सकाळी लवकर गेलात तर निवडून घेता येते. नखानं टोचून बघा. आत पिवळसर झाक दिसली तर ती कैरी पाडाला लागलेली आहे, लोणच्याला नको आणि पन्ह्यालाही नको.

देठ कापून अर्धा तास पाण्यात ठेवा. चीक निघून जातो. हा चीक राहिला तर पन्हं घशाला खवखवतं आणि मग लोक कैरीला दोष देतात. कुकरमध्ये डब्यात ठेवून, डब्यात पाणी न घालता, दोन शिट्ट्या. थेट पाण्यात उकडली तर साल फुटून आंबटपणा पाण्यात जातो. निवल्यावर साल-कोय काढून गर हातानं कुस्करा आणि पुरणयंत्रातून किंवा मोठ्या चाळणीतून काढा. १ किलो कैरीचा साधारण ६०० ते ६५० ग्रॅम गर निघतो.

गूळ थेट गरात घालू नका. किसून पाव लिटर पाण्यात गरम करा, विरघळला की कापडातून गाळा. तळाशी राहणारी माती आणि चिपाडाचे कण बघितलेत की पुन्हा न गाळता घालणार नाही. पाक करायचा नाही, विरघळला की बंद. निवल्यावर गरात मिसळा. ३ सपाट चहाचे चमचे मीठ, २ चमचे वेलदोड्याची पूड. केशर घालणार असाल तर चमचाभर कोमट पाण्यात खलून शेवटी.

हा अर्क साधारण दीड लिटर होतो. शुक्रवारी करून काचेच्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवा, जागा फार लागत नाही. पाणी रविवारी सकाळीच घालायचं. पाणी घातलेलं पन्हं उन्हाळ्यात दुपारनंतर आंबायला लागतं, वर बारीक फेस दिसला की समजा.

भाजलेल्या कैरीचं पन्हं चवीला सरस, यात वाद नाही. पण गॅसवर भाजली तर साल करपते आणि आतला गर कच्चा राहतो. निखारे असतील तर पाव किलो भाजून बाकीच्यात मिसळा, धुराचा वास तेवढ्यानंही येतो.

गूळ_ढेप
मंडईवाली ताईंनी गाळायचं सांगितलं ते फार महत्त्वाचं. त्यात गुळाबद्दल भर घालतो.

आपल्याकडची गुऱ्हाळं साधारण दिवाळीच्या सुमारास पेटतात आणि उन्हाळा लागला की थंडावतात. म्हणजे मे महिन्यात शाहूपुरीत मिळणारा गूळ हंगामातला साठवलेला असतो. साठवणीत तो रंगानं गडद होत जातो आणि हवेतला ओलावा धरतो. ढेप फोडून बघा. आतला भाग कोरडा, रवाळ हवा. बोटाला चिकटपणा लागला, कडेनं पाझर सुटलेला दिसला तर तो गूळ आंबटसर असतो. पन्ह्यात खपून जाईल, चहात दूध फाडेल.

फार पिवळाधमक गूळ पाहून भुलू नका. रंग उजळावा म्हणून हायड्रोस (रंग उडवणारं रसायन) वापरलेला असू शकतो. रानभेंडीच्या चिकानं मळी काढलेला गूळ थोडा तपकिरी असतो आणि पन्ह्याला रंगही मातकट देतो, पण चवीला गोडीबरोबर एक खमंगपणा येतो. पन्हं पिवळंच दिसायला हवं असेल तर अर्धा गूळ, अर्धी साखर करा. साखर गुळापेक्षा थोडी जास्त गोड लागते, म्हणून ५०० ग्रॅम गूळ आणि ४५० ग्रॅम साखर.

सातवी_गल्ली
पन्हं नक्की. घरात आजीचं पितळी पिंप आहे, त्यात ठेवलं तर चालेल का? आणि फ्रिज भरलेला असताना गार कसं करायचं?

पंचगंगाकाठ
पितळी पिंपाला आतून ताजी कल्हई असेल तरच. कल्हई उडालेली असेल तर पन्हं, ताक, कोकम, काहीही त्यात ठेवू नका. आंबट पदार्थ कळकतो, हिरवट वास येतो, पोटात ढवळतं. ॲल्युमिनियमचं पातेलंही नको. स्टीलचं पिंप उत्तम. पन्हं नळाच्या पिंपात ठेवणार असाल तर गर दोनदा गाळा, नाहीतर कैरीचा धागा नळात अडकतो. मठ्ठ्याला नळ नकोच, कोथिंबीर अडकते. उघडं पातेलं आणि ओगराळं.

माठातही पन्हं किंवा ताक ओतू नका. माती आंबटपणा शोषते, पुढं त्या माठातल्या पाण्याला वास येत राहतो. माठ फक्त पाण्याला. आणि एक लक्षात असू द्या, माठ गार करतो तो बाहेर झिरपलेलं पाणी वाळतं म्हणून. आदल्या दिवशी वळीव झाला असेल तर हवा दमट होते आणि माठ तेवढं गार करत नाही. त्याच्यावर विसंबून राहू नका.

आता बर्फाचा हिशेब, इथंच बहुतेक घरांत सरबत पाणचट होतं. दुपारी साधं पाणी ३२ अंशाच्या आसपास असतं. ८ लिटर पेय १० अंशावर आणायला जवळजवळ २ किलो बर्फ वितळतो. म्हणजे ८ चं १० लिटर झालं, गोडी-आंबट पाचव्या हिश्शानं उतरली. म्हणून उलटं करा: अर्क दीड लिटर, पाणी ५ लिटर, वर दीड किलो बर्फ. बर्फ वितळला की बरोबर ८ लिटर.

बर्फ घरचा, उकळून गार केलेल्या पाण्याचा. फ्रीजर लहान असेल तर गुरुवारपासून रोज दोन-तीन ट्रे लावून पिशवीत साठवत जा. लादीचा बर्फ पेयात टाकू नका. २०१८ पासून खाण्यासाठी नसलेल्या बर्फाला निळसर रंग देण्याचा नियम आहे, पण पांढरा दिसला म्हणून तो पिण्याच्या पाण्याचाच असेल असं नाही. लादी आणलीच तर घमेल्यात फोडून टाका, वर मूठभर जाडं मीठ भुरभुरा आणि त्यात पातेलं बसवा. मिठानं बर्फ शून्याच्या खाली उतरतो. पातेलं दर पाच मिनिटांनी ढवळायचं, नाहीतर कडेचं गार आणि मधलं कोमट राहतं. पाऊण तासात काम होतं आणि एक थेंब पाणी वाढत नाही. असं बाहेरून गार केलंत तर बर्फ पेयात घालायचा नाही, म्हणून पाणी साडेसहा लिटर घ्या.

चव गार झाल्यावरच घ्या. गार पेयाची गोडी जिभेला कमी लागते. कोमट असताना "थोडं जास्त गोड झालं" वाटलं तर गार झाल्यावर ते बरोबर बसतं.

आमसूल
कोकम कढीला माझा हात वर. तांबड्या-पांढऱ्यावर मठ्ठ्यापेक्षा कोकम जास्त चांगलं, तेलकटपणा लगेच कापतं. पण आधी दुकानातून नेमकं काय आणायचं ते बघा, कारण तीन बाटल्या-पुड्या शेजारी शेजारी असतात आणि घोळ होतो. आमसूल म्हणजे रातांब्याची वाळवलेली साल. आगळ म्हणजे मीठ घातलेला रस. अमृत कोकम म्हणजे साखरेतला पाक, तो फक्त गोड सरबताला. कढीत अमृत कोकम पडलं की सगळं पातेलं गोड होतं, त्यावर इलाज नाही.

नुसत्या आगळावर कढी आंबट करायला गेलात तर आंबट होईपर्यंत ती खारट होते. म्हणून दोन्ही मिसळून करा. ६ लिटरला १०० ग्रॅम आमसूल, दीड लिटर कोमट पाण्यात दोन तास. हातानं चोळून गाळा. त्यात २०० मिली आगळ, बाकी गार पाणी. मीठ लगेच नको, आधी चाखा, बहुतेक वेळा लागतच नाही. ३ मोठे चमचे साखर, ठेचलेल्या ४ हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर. २ चमचे तुपात जिरं, हिंग, १० लसूण पाकळ्यांची फोडणी करून ती पूर्ण गार झाल्यावर घाला. तूप गार कढीत थिजून वर तरंगतं, ते नको असेल तर तेलाची फोडणी द्या. यालाच काही जण फुटी कढी म्हणतात. आमसूल काळपट आणि मऊ घ्या. कडक, वाळकं, पांढरा थर चढलेलं आमसूल रंग सोडत नाही. पांढरा थर मिठाचा असू शकतो, पण वास कुबट आला तर परत करा.

रंकाळा_सांज
आमसूलताई, आमच्याकडं शाकाहारी पंगतीला नारळाचीच सोलकढी लागते. ती नेहमी फुटते, वर पांढरा थर आणि खाली गुलाबी पाणी. का होतं असं?

आमसूल
थर जमणं म्हणजे फुटणं नव्हे. नारळाच्या दुधातली साय वर येणारच, वाढताना ढवळलं की एकजीव होते. खरा बिघाड म्हणजे वर तेलाचे थेंब किंवा पांढरे कण दिसणं. त्याची कारणं तीन. एक, मिक्सर सलग चालवला आणि वाटण तापलं, मग तेल सुटतं. वीस-वीस सेकंद फिरवून थांबा. दोन, फ्रिजमधला खोबऱ्याचा कीस थेट वाटला. त्यातली चरबी घट्ट असते, तिचे कण होतात. तासभर बाहेर ठेवा. तीन, कढत पाणी घातलं. पाणी कोमटच, बोट बुडवून सहज ठेवता येईल इतकं.

एका मध्यम नारळाची दोन वाटणं मिळून ७०० ते ८०० मिली सोलकढी होते. त्याला ४० मिली आगळ किंवा १५-२० आमसुलं. शाकाहारी आठजणांना २ नारळ पुरतात. नारळाचं दूध आणि कोकम वेगवेगळं ठेवून पंगत बसायच्या अर्धा तास आधी एकत्र करा. मे महिन्यात बाहेर ठेवलेलं नारळाचं दूध चार-पाच तासांत आंबतं. लसूणही तेव्हाच ठेचून घाला, सकाळी घातला तर दुपारी उग्र होतो.

दूध_कट्टा
कोकमाबद्दल आदर आहे, पण कोल्हापुरात सुट्टीचं जेवण आणि मठ्ठा नाही हे मनाला पटत नाही. आपल्याकडं म्हशीचं दूध मिळतंय तर त्याचं सोनं करायला हवं. आणि लहान मुलं आंबट कढी पीत नाहीत, मठ्ठा पितात.

८ लिटरला २ लिटर दह्याचं माप. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरून, म्हणजे समोर म्हैस पिळून देतात तिथून, आदल्या संध्याकाळी २ लिटर दूध आणा. धारोष्ण दूध पिणाऱ्यांनी प्यावं, पाहुण्यांच्या मठ्ठ्याला मात्र उकळूनच घ्या. अंगाला लागेल इतकं कोमट झालं की लिटरला एक चमचा विरजण. उन्हाळ्यात पाच-सहा तासांत लागतं, म्हणून रात्री आठला लावू नका. अकरा-साडेअकराला लावा, पहाटे तयार. फ्रिजमध्ये जागा नसेल तर भांडं परातीत पाणी घालून ठेवा आणि भोवती ओलं फडकं गुंडाळा. तरी दही आंबट झालंच तर वर सुटलेलं पाणी ओतून टाका आणि तेवढंच गार पाणी घाला. आंबटपणाचा मोठा वाटा त्या पाण्यात जातो.

म्हशीच्या दह्यात लोणी भरपूर. आधी फक्त २ लिटर गार पाणी घालून रवीनं घुसळा, दहा-पंधरा मिनिटांत लोणी वर येईल, ते काढा. मग उरलेलं पाणी घाला. लोणी न काढता सगळं एकदम मिक्सरला लावलं तर ते बारीक होऊन मठ्ठ्यात राहतं आणि पेल्याच्या कडेला तुपकट थर धरतो. तिखट जेवणावर तो तोंडात रेंगाळतो. पाणी गार असणं महत्त्वाचं, कोमट पाण्यात लोणी गोळा होतच नाही.

मीठ ४५ ग्रॅम, त्यातलं १० ग्रॅम पादेलोण. साखर ६० ग्रॅम. भाजलेल्या जिऱ्याची भरड २ मोठे चमचे. आलं ४० ग्रॅम आणि ७-८ हिरव्या मिरच्या ठेचून मलमलच्या पुरचुंडीत बांधा, मठ्ठ्यात सोडा आणि तासाभरानं पिळून काढून टाका. हे कुणी सहसा करत नाही आणि म्हणूनच दुसऱ्या पंगतीचा मठ्ठा पहिल्यापेक्षा जहाल आणि कडसर लागतो. मिरचीचा तिखटपणा उतरतच राहतो, आणि कच्चं आलं दुधातल्या प्रथिनांना तोडतं, त्यातून कडवटपणा येतो. कोथिंबीर वाढायच्या आधी.

सातवी_गल्ली
दूध_कट्टा काका, पटलं. मठ्ठा ६ लिटर आणि कोकम कढी ३ लिटर करते, ज्याला जे हवं ते. चहा कुणी सांगेल का? सगळ्यांना गुळाचाच हवाय. आणि साखर असणाऱ्यांना गुळाचं पन्हं चालतं ना?

गूळ_ढेप
गुळानंही साखर वाढतेच, त्यात फार फरक धरू नका. त्या दोघांसाठी गूळ घालायच्या आधीच गर बाजूला काढा. पेल्याला २ मोठे चमचे गर, मीठ, जिऱ्याची पूड, पुदिना. छान आंबट-खारट लागतं. बीपी असलेल्यांना आगळाची कढी नको, त्यात मीठ भरपूर असतं. त्यांच्यासाठी मीठ घालायच्या आधीचा मठ्ठा तांब्याभर वेगळा काढा.

चहा ४० जणांचा, ४ लिटर. पाणी सव्वादोन लिटर, म्हशीचं दूध २ लिटर, चहा पावडर ११० ग्रॅम, आलं ८० ग्रॅम, गूळ ४०० ग्रॅम. आलं किसून पाण्यात घाला आणि पाणी खळखळून पाच मिनिटं उकळू द्या. दुधात कच्चं आलं पडलं तर दूध फाटू शकतं, उकळल्यावर आल्यातला तो गुण मरतो. मग पावडर, तीन मिनिटं. दूध वेगळं उकळून कढत असतानाच ओता. एक उकळी आली की गॅस बंद करा, मिनिटभर थांबा आणि मग किसलेला गूळ घालून ढवळा. गूळ घातल्यावर पुन्हा उकळायचं नाही. गुळात थोडी आम्लता असते, उष्णता आणि आम्लता एकत्र आली की दूध फाटतं. जुना, पाझरलेला गूळ असेल तर धोका जास्त. आदल्या दिवशी एका कपावर करून बघा. फाटला तर त्या गुळाचं पाणी करून कोऱ्या चहात घाला आणि दूध प्रत्येकाच्या कपात शेवटी ओता.

चहा दोन खेपांत करा. ४ लिटर एकदम केला तर शेवटच्या पाहुण्यापर्यंत जाईतो तो कडू आणि कोमट होतो.

रंकाळा_सांज
मुलांसाठी लिंबू सरबत सकाळीच करून ठेवलं तर? आणि उसाचा रस आणावा का, सगळ्यांनाच आवडतो.

मंडईवाली
लिंबू सकाळी पिळून ठेवू नका, दोन-तीन तासांत कडवट होतं. बिया किंवा साल चेंगरली तर आणखीच. साखरेचा पाक करून ठेवा, १ किलो साखरेला अर्धा लिटर पाणी, आणि लिंबू ऐनवेळी. १० पेल्यांना ६ लिंबं आणि ३०० मिली पाक. सब्जा घालणार असाल तर एक चमचा सब्जा वाटीभर साध्या पाण्यात वीस मिनिटं आधी फुगवा. थेट सरबतात टाकला तर नीट फुगत नाही, गुठळ्या होतात.

उसाचा रस घरी आणून ठेवायची वस्तूच नाही. हवा लागली की अर्ध्या तासात काळा पडायला लागतो, लिंबू-आलं घातलं तर थोडा उशीर लागतो इतकंच. उन्हात दोन-तीन तासांत आंबतो. संध्याकाळी सगळ्यांना रंकाळ्यावर फिरायला न्या आणि रसवंतीवर समोर काढलेला, बिनबर्फाचा पाजा.

सातवी_गल्ली
शेवटचं एक. पन्ह्याचा अर्क उरला तर किती दिवस टिकेल?

मंडईवाली
पाणी न घातलेला, कोरड्या बरणीत, कोरड्या चमच्यानं काढलेला असेल तर फ्रिजमध्ये आठवडाभर. त्याहून जास्त ठेवायचा असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये घालून गोठवा. गोठलेले खडे पिशवीत भरा. पेल्याला दोन-तीन खडे आणि वर साधं पाणी, वेगळा बर्फ लागत नाही. माहेरी राहिलेल्या लेकींना निघताना बरणीत भरून द्यायचा असेल तर बरणी काठोकाठ भरू नका, प्रवासात आंबून वायू झाला तर झाकण उडतं. चार बोटं जागा सोडा आणि तो त्याच दिवशी फ्रिजमध्ये जाईल असं सांगा.